अचलेच्या कथा

दिवाळी जवळ आली की मोहोळच्या आमच्या घरी दोन कामे हटकून निघत. अंगणात मुलांचा किल्ला आणि मागच्या खोलीच्या भिंतीवर आजीची चुन्याची टिकली. किल्ल्याची हकीकत वाचकांना नव्याने सांगायला नको. शेतातली काळी माती आणून किल्ला उभारला तर तिसऱ्या दिवशी बुरुजाला बोटबोट भेगा पडतात आणि मावळ्यांचा पहारा त्या भेगांत घसरतो. म्हणून आमच्यातली थोरली मुले मातीत मुरूम आणि भुसा कालवून घेत. टिकलीचे मात्र सांगितले पाहिजे.

मागच्या खोलीच्या भिंतीला एक भेग होती. वैशाखात तिच्यात माझी करंगळी जाई आणि श्रावण संपता संपता ती जवळजवळ मिटून जाई. घर सारवून झाले, भिंतींना पांढरा हात दिला, की आजी बोटावर ओला चुना घेऊन त्या भेगेवर आडवी टिकली लावी. पुढच्या दिवाळीला ती तडकलेली असे. आजी तिच्याकडे पाही, शेजारी दुसरी लावी आणि कामाला लागे. मी एकदा विचारले, "आजी, गवंड्याला बोलावून बुजवून का टाकत नाहीस?" ती म्हणाली, "आरं, भित कुठं हलतीया? भुई हलतीया. पानी प्याली की फुगती, तहानली की आकसती. तिला कसं बुजिवनार?"

आजीचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. आमचे मूळ घर गावाच्या पांढरीवर होते. मागची खोली आजोबांनी पुढे वाढवली ती पांढरी संपून काळी सुरू होते तेथे. पाया मुरूम लागेपर्यंत खणायचा असतो; तो तितका खणला गेला नसावा. सीना आणि भीमा या नद्यांच्या दुआबातली ही काळी माती म्हणजे झिजून पीठ झालेला ज्वालामुखीचा दगडच होय. तिच्यातल्या चिकणमातीचे कण पापुद्र्यापापुद्र्यांचे असतात. पापुद्र्यांत पाणी शिरले की ती फुगते, निघून गेले की आक्रसते. उन्हाळ्यात तिच्या भेगांत हातभर काठी सहज उतरते. वरची माती त्या भेगांत पडते, आणि पावसाळ्यात खालून फुगताना ती पुन्हा वर ढकलली जाते. ही जमीन आपल्याला आपणच नांगरते असे म्हणतात ते याचमुळे. म्हणजे आमच्या गावची जमीन दरवर्षी थोडी वर येते आणि थोडी खाली बसते. ही ये-जा इतकी संथ असते की ती दिसत नाही. दिसते ती फक्त भिंतीवर.

मराठी शिकवण्यात माझे आयुष्य गेले. त्यामुळे या भेगेपाशी मला जो प्रश्न पडला तो भूशास्त्राचा नव्हता, वाङ्मयाचा होता. हलणाऱ्या भूमीच्या गोष्टी आपण कशा सांगितल्या? आणि ज्या सांगितल्या, त्या कथा म्हणून कोणत्या तोलाच्या आहेत? सणाच्या अंकात हा विषय थोडा रुक्ष वाटेल. परंतु या कथांतली एक तर खास दिवाळीचीच आहे.

आरंभ शब्दांपासून केला पाहिजे. अमरकोशात पृथ्वीची जी नावे आहेत त्यांत 'अचला' आहे आणि 'स्थिरा'ही आहे. संस्कृत काव्याने ही नावे उचलली आणि आपल्या पंडितांनी ती मराठीत आणली. जी हलत नाही ती पृथ्वी. याउलट आपल्या खेड्यांची भाषा पाहा. तिने जमिनीला मुळातच दोन नावे दिली: पीक देते ती काळी आणि घर बांधायचे ती पांढरी. हा भेद केवळ रंगाचा नाही. एक जमीन घर धरते, दुसरी धरत नाही, हे ज्ञान त्यात साठवलेले आहे. शिवाय 'जमीन बसली', 'पाया खचला', 'भुई भेगाळली' अशी क्रियापदेही या भाषेपाशी आहेत. कोशाने भूमीला विशेषण दिले, खेड्याने तिला क्रियापद दिले. समीक्षकाने या दोहोंत निवड करायची तर माझे मत क्रियापदाच्या बाजूचे आहे.

आता कथा. पहिली बलिप्रतिपदेची. वामनाने तिसरे पाऊल बळीच्या मस्तकावर ठेवले आणि त्याला पाताळात लोटले. भूमीच्या दृष्टीने पाहिले तर ही खाली जाण्याची कथा आहे. तिची थोरवी दानात आहे, दात्याच्या वचनात आहे, आणि ती वादातीत आहे. पण खाली जाण्याचे वर्णन म्हणून ती अगदीच तोकडी आहे. पाऊल पडले, राजा गेला. मध्ये काळच नाही. या कथेचे खरे सामर्थ्य लोकांनी पुढे तिला जे जोडले त्यात आहे. बळी वर्षातून एकदा आठवायचा, त्याचे राज्य पुन्हा यावे असे म्हणायचे. जे खाली गेले ते परत वर येईल ही आशा शेतकऱ्याने आपल्या पदरची घातली. दरवर्षी फुगणाऱ्या आणि बसणाऱ्या जमिनीवर राहणाऱ्या माणसाला हे सुचावे यात मला नवल वाटत नाही. मात्र यापलीकडे त्या दोहोंचा संबंध जोडण्याचे धाडस मी करणार नाही.

दुसरी कथा परशुरामाची. सारी पृथ्वी कश्यपाला दान दिल्यावर त्याला स्वतःला राहायला जागा उरली नाही. तेव्हा त्याने समुद्रात बाण मारला, कोणी म्हणतात परशू फेकला. समुद्र हटला आणि कोकण वर आले. या कथेविषयी हल्ली दोन प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणतात, पाहा, आपल्या पूर्वजांना भूशास्त्र ठाऊक होते. दुसरे म्हणतात, ही सगळी भाकडकथा. मला दोघेही वाईट वाचक वाटतात.

कोकणच्या किनाऱ्यावर भूमी आणि सागर यांची पातळी बदलल्याच्या खुणा आहेत, हे खरे. काही ठिकाणी शिंपल्यांचे तुकडे घट्ट बसून झालेला दगड आजच्या भरतीरेषेच्या वर सापडतो. पण उलटी खूणही तितकीच ठळक आहे. मुंबईत प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली झाडांचे बुंधे मुळांसकट जागच्या जागी उभे असलेले सापडले. ही गोदी १८८० साली सुरू झाली; म्हणजे दीडशे वर्षांच्या आतबाहेरची ही गोष्ट. जेथे एकेकाळी रान होते तेथे समुद्र आला होता. परशुरामाच्या कथेत समुद्र फक्त हटतो. किनाऱ्यावर तो हटलाही आहे आणि चढलाही आहे. तेव्हा ती कथा म्हणजे शास्त्र नव्हे. पण जमीन आणि पाणी यांची हद्द कायमची नसते, एवढे तिला ठाऊक आहे, म्हणून ती भाकडही नव्हे. तिचा दोष वेगळाच आहे. तिला घाई आहे. अनेक सहस्रकांचे काम ती एका बाणात उरकते आणि ऐकणाऱ्याच्या मनात अशी समजूत ठेवून जाते की भूमी हलते ती कोणा वीराने हलवली तरच, एरवी ती अचलाच.

तिसरी कथा अगस्तीची, आणि ती माझ्या मते या तिघींत सरस आहे. सूर्य मेरूला प्रदक्षिणा घालतो, मला का नाही, म्हणून विंध्य रुसला आणि वाढू लागला. येथे क्रियापद पाहा: तो उडाला नाही, उसळला नाही, वाढू लागला, वाढत राहिला. सूर्याची वाट अडेपर्यंत वाढला. मग अगस्ती लोपामुद्रेसह दक्षिणेकडे निघाले. त्यांना वाट देण्यासाठी विंध्य लवला. "मी परत येईपर्यंत असाच राहा," असे सांगून ऋषी गेले ते आलेच नाहीत. विंध्य अजून वाट पाहत आहे. या कथेत कोणी अस्त्र सोडत नाही. हिच्यात काळ आहे, ताटकळणे आहे, आणि शेवट झालेला नाही. डोंगराचा स्वभाव ज्याने पाहिला असेल त्यालाच ही गोष्ट सुचली असणार.

खरे पाहता वाढण्याची ही गोष्ट विंध्यापेक्षा सह्याद्रीला अधिक शोभते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या या पठारावर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. सह्याद्रीत त्यांची जाडी दोन किलोमीटरांच्या घरात जाते. पूर्वेकडे ती कमी होत जाते. दोन थरांमध्ये पुष्कळ ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. एक थर निवून त्याची माती होण्याइतका अवकाश मिळाला, मग पुढच्या थराने ती माती भाजून काढली, असा त्याचा अर्थ. पठाराची पश्चिम कड उंच उचललेली आणि पूर्व बाजू उतरती आहे. म्हणूनच भीमा भीमाशंकरला उगम पावते, पश्चिमेचा समुद्र तेथून शंभर किलोमीटरही दूर नाही, आणि तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवून पंढरपुराकडे येते, कृष्णेला मिळते आणि थेट बंगालच्या उपसागराला जाते. आपली चंद्रभागा आपल्याकडे आली ती या उताराच्या कृपेने.

कड उचलली जाण्याचे एक कारण भूशास्त्रज्ञ देतात ते पंढरीच्या घाटावर उभ्या राहणाऱ्याला चटकन कळेल. वारकऱ्यांनी भरलेली होडी पाण्यात खोल बसलेली असते. पैलतीरी माणसे उतरू लागली की ती हलकी होऊन वर येते. डोंगराचेही तसेच. पाऊस आणि नद्या त्याचा दगड झिजवून वाहून नेतात, भार कमी होतो, आणि खालच्या जड, अतिसंथपणे सरकणाऱ्या खडकावर तरंगणारा तो भाग वर उचलला जातो. झीज ही वाढीचे कारण होते. अगस्तीच्या कथेत एवढी एक कल्पना असती तर तिला तोड उरली नसती.

चौथी कथा परदेशची आहे आणि ती पुराणात नाही, शास्त्राच्या ग्रंथात आहे. चार्ल्स लायल या ब्रिटिश भूशास्त्रज्ञाच्या 'प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी' या ग्रंथाचा पहिला खंड १८३० साली निघाला. त्याच्या मुखपृष्ठाच्या आत ज्वालामुखीचा डोंब नाही, अक्राळविक्राळ प्राणी नाही; तीन खांबांचे साधे चित्र आहे. इटलीत नेपल्सजवळ पोत्सुओली नावाचे बंदर आहे. तेथे रोमन काळातल्या बाजाराचे अवशेष अठराव्या शतकात खणून काढले, त्यातले हे संगमरवरी खांब. त्यांचा खालचा सुमारे साडेतीन मीटरांचा भाग गुळगुळीत आहे. त्यावर अडीच-पावणेतीन मीटरांचा पट्टा असंख्य भोकांनी पोखरलेला आहे. ही भोके समुद्रात राहून दगड पोखरणाऱ्या एका शिंपल्याची.

लायल पेशाने आधी वकील होता, आणि या खांबांची साक्ष त्याने वकिलासारखी काढली. बाजार बांधला तेव्हा तो कोरड्या जमिनीवर होता. खांबांवर समुद्री शिंपले राहिले, म्हणजे मधल्या काळात तेथे समुद्र होता. बुडखा गुळगुळीत आहे, कारण तो तेव्हा गाळात व मलब्यात गाडलेला होता. आज खांब पुन्हा वर आहेत, म्हणजे जमीन परत उठली. आणि या सर्व उलाढालीत ते पडले नाहीत. म्हणजे बसणे आणि उठणे दोन्ही संथपणे झाले. चित्रात याहून अधिक काही नाही. पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शतकांचा हिशेब उभा राहतो. हे चित्र प्रथम पाहिले तेव्हा मला आजीच्या टिकल्या आठवल्या. शिंपल्यांनी संगमरवरावर जे केले तेच तिने पांढऱ्या भिंतीवर केले होते.

पोत्सुओलीची जमीन का हलते, याचे उत्तर तिच्या पोटात आहे. तो सारा परिसर काम्पी फ्लेग्रेई, म्हणजे जळती शेते, या नावाच्या विशाल ज्वालामुखी-कुंडाचा भाग आहे. खाली तप्त रस, वायू आणि उकळते पाणी यांचा दाब वाढला की वरची जमीन फुगते. दाब ओसरला की बसते. इटालियनांनी ग्रीक शब्द जोडून याला 'ब्रॅडिसिझम' म्हटले. त्याचा अर्थ मंद हालचाल. गेल्या साठ वर्षांतही ती थांबलेली नाही. १९७० साली रिओने तेर्रा हा तिथला जुना मोहल्ला रिकामा करावा लागला. १९८२ ते १९८४ या काळात जमीन सुमारे १.८ मीटर वर आली, बंदर उथळ झाले आणि सुमारे ४०,००० लोकांना हलवावे लागले. मग ती काही वर्षे थोडी बसली. २००५ पासून ती पुन्हा उठते आहे, आणि २०२४ व २०२५ साली तेथे चारच्या वरच्या तीव्रतेचे भूकंप झाले.

तर लायलची कथा सर्वांत श्रेष्ठ, असे म्हणून मी लेख संपवला असता. पण तिच्यातही एक उणीव आहे, आणि ती मला ग्रंथ वाचून कळली नाही. संथपणाच्या प्रेमात लायल आकस्मिकाला दुय्यम लेखतो. याच पोत्सुओलीजवळ १५३८ साली आधी जमीन उठली, समुद्र मागे सरला, लोक उघड्या पडलेल्या किनाऱ्यावर मासे वेचायला गेले. आणि मग आठवडाभरात तेथे शंभर मीटरांहून उंच असा नवा डोंगर उभा राहिला. त्याचे नावच मोन्ते नुओवो, नवा डोंगर. संथ आणि आकस्मिक या दोन वेगळ्या कथा नाहीत. पहिली पुरेशी लांबली की तिच्यातून दुसरी निघते.

आपल्याकडचा ज्वालामुखी कोट्यवधी वर्षांपूर्वी निवला. मोहोळच्या खाली तप्त रस चढत नाही. मी ज्या पुस्तकांवर शिकलो त्यांत दख्खनचे पठार अत्यंत स्थिर आहे असे वाक्य होते. अमरकोशातली 'स्थिरा' भूगोलाच्या धड्यात येऊन बसली होती. १९६७ च्या डिसेंबरात कोयनेला भूकंप झाला, तरी तो धरणाच्या पाण्याचा म्हणून आम्ही बाजूला ठेवला. वाक्य बदलले नाही.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरून पहाटेचे चार वाजायला आले होते. मोहोळच्या घरात भांडी वाजली, कड्या हलल्या आणि आम्ही सगळे अंगणात आलो. येथून सुमारे शंभर किलोमीटरांवर किल्लारी आणि आसपासची गावे तेवढ्या वेळात संपली होती. सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यांना ज्याने मारले तो नुसता भूकंप नव्हता. मातीत बसवलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि त्यांवर माळवदाच्या मातीचा प्रचंड भार, असे ते घर होते. जसे आमचे होते. तोवरच्या भूकंपाच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात घातलेला होता. २००२ च्या सुधारित नकाशात तो पहिला विभागच काढून टाकला गेला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्यात गेला. पुढे किल्लारीला वेधन केले तेव्हा सुमारे ३४० मीटर जाडीच्या काळ्या पाषाणाखाली त्याहून कितीतरी प्राचीन खडक लागला. भारताची भूमी वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर, म्हणजे आपली नखे वाढतात जवळजवळ त्या गतीने, ईशान्येकडे सरकत आहे. ती हिमालयाला रेटते, आणि त्या रेट्याचा ताण या जुन्या खडकातही साठत जातो. साठण्याला युगे लागतात. सुटायला काही क्षण पुरतात.

त्या सकाळी उजेड झाल्यावर गावातले लोक एकमेकांच्या भिंती पाहत हिंडत होते. प्रत्येकाला एकच विचारायचे होते: ही भेग कालची की आजची? बहुतेकांना सांगता येत नव्हते. आमच्या मागच्या खोलीत शेजारचे काका आले, भेग पाहून म्हणाले, "मास्तर, तुमचंही घर गेलं की हो." मी म्हणालो, "नाही काका, ही आजीची." आजी जाऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती, पण टिकल्यांची रांग होती. जुन्या, पिवळट पडलेल्या, मधोमध तडकलेल्या. ही भेग उघडते आणि मिटते. तिचे भय नव्हते. मग कंदील घेऊन आम्ही बाकीच्या भिंती पाहिल्या. माजघराच्या कोपऱ्यात, पांढरीवरच्या पक्क्या पायाच्या भिंतीत, आढ्यापासून खाली येणारी एक केसासारखी भेग होती. तिच्यावर टिकली नव्हती. त्या कोपऱ्यात ती लावण्याची कधी गरजच पडली नव्हती.

मी तिच्यावर चुन्याची टिकली लावली. दिवाळीपर्यंत ती तडकली नाही. पण भेग मिटलीही नाही. त्या दिवाळीत आम्ही माळवदावरची माती उतरवली आणि वर पत्रे घातले. उन्हाळ्यात घर तापते, पावसात आवाज फार होतो, अशी सगळ्यांची तक्रार आहे, आणि ती खरी आहे.

आता पुन्हा त्या कथांकडे वळतो. वामनाची, परशुरामाची आणि अगस्तीची कथा मी नातवंडांना सांगतो आणि सांगत राहीन. लायलच्या तीन खांबांचे चित्रही दाखवतो. परंतु 'अचला' हा शब्द आला की थांबतो. भूमीच्या कोणत्याही कथेला मी आता एकच कसोटी लावतो: ती ऐकून उठलेला माणूस आपल्या घराची भिंत पाहायला जातो की नाही? अगस्तीची कथा या कसोटीला थोडीफार उतरते, लायलची पुष्कळ. पूर्ण उतरते ती एकच, आणि ती कोणी लिहिली नाही. ती आमच्या मागच्या खोलीत आहे. यंदाही सारवण झाले की तिच्यात एका टिकलीची भर पडेल.